सुप्रमा खर्चाची होते, औचित्याची का नाही?

पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी २२ लाख रुपये धरली होती. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि प्रकल्पाला इंदिरासागर हे नाव मिळाले. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेला सुधारित खर्च सुमारे २५,९७२ कोटींचा आहे, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास सत्तर पट. या बेचाळीस वर्षांत किंमत अनेकदा नव्याने मांडली गेली. हे धरण कशासाठी, कोणासाठी आणि अजूनही याच स्वरूपात हवे का, हे मात्र एकदाही तितक्याच औपचारिकपणे, तितक्याच सह्यांनिशी आणि लोकांसमोर नव्याने मांडले गेले नाही. भंडारा जिल्ह्याच्या नागरिकांपुढे याबद्दलचे काही मुद्दे ठेवतो.

१. आधी हा कागद कोणता, ते सांगतो. प्रकल्प व्यवस्थापनात त्याला बिझनेस केस म्हणतात. काम का करायचे, न केल्यास काय होईल, दुसरे मार्ग कोणते होते, खर्च किती आणि तो कोण सोसणार, लाभ कोणाला, किती आणि कधीपासून मिळणार, धोके काय आणि लाभ मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, या सगळ्याची लेखी मांडणी म्हणजे बिझनेस केस. नकाशे, संकल्पचित्रे, निविदा हे सारे त्याच्या मागून येते. ब्रिटनमध्ये सरकारी कामांच्या अनुभवातून घडलेल्या प्रिन्स-२ या पद्धतीचा पहिलाच नियम असा की, प्रकल्पाचे औचित्य आरंभी असून भागत नाही, ते शेवटपर्यंत टिकले पाहिजे. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी हा कागद पुन्हा उघडायचा, आकडे ताजे करायचे आणि मगच पुढच्या टप्प्याचे पैसे सोडायचे. औचित्य संपले असेल तर काम थांबवायचे किंवा बदलायचे.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. पाटबंधारे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात लाभ-व्यय गुणोत्तराचे प्रकरण असतेच. साधारण भागात ते दीडच्या वर आणि अवर्षणप्रवण भागात एकच्या वर असावे, हा दंडक देशभर माहीत आहे. पण ते प्रकरण मान्यता मिळेपर्यंतच जिवंत असते. मान्यता मिळाली की ते फायलीत जाते आणि पुढे धावते ती फक्त किंमत.

२. ती कशी धावली ते पाहा. १९८३ मध्ये ३७२ कोटी. १९९९ मध्ये २,०९१ कोटी. २००८ मध्ये ७,७७७ कोटी. २०१६ मध्ये १८,४९४ कोटी. आता सुमारे २६ हजार कोटी. या प्रत्येक पायरीला कार्यालयीन भाषेत सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात, बोलताना सुप्रमा. कंत्राटदारापासून मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा शब्द आहे. सुप्रमाच्या प्रस्तावात वाढीची कारणे दिलेली असतात: दरसूचीतील वाढ, भूसंपादनाचा वाढलेला मोबदला, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी, अनुषंगिक खर्च. यांतले एकही कारण खोटे असेलच असे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला आणि तो वाढायलाच हवा होता. महागाईही खरी आहे. घाऊक किमतींचा निर्देशांक या चार दशकांत ढोबळमानाने दहा-बारा पट झाला. तो हिशेब धरला तर ३७२ कोटींचे चार-साडेचार हजार कोटी होतात. उरलेले वीस हजारांहून अधिक कोटी महागाईच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ते वाढलेल्या व्याप्तीचे आहेत, उशिराचे आहेत आणि आरंभी न मोजलेल्या गोष्टींचे आहेत.

जगभर धरणांचे अंदाज चुकतात, हेही मान्य. बेंट फ्लायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महागाई वजा करूनही खर्च सरासरी ९६ टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे जवळपास दुप्पट. आपली वाढ महागाई वजा करूनही पाच-सहा पटींच्या घरात जाते.

गोसीखुर्द ज्याच्या अखत्यारीत आहे त्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या बाबतीत २००९ हे वर्ष विशेष बदनाम झाले. त्या वर्षी अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांची किंमत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली. पुढे चौकशी समित्या नेमल्या गेल्या, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे समितीचा अहवाल आला, गुन्हे नोंदवले गेले, प्रकरणे न्यायालयात गेली. ते सारे आपल्या जागी आवश्यक होते. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला आणि मला तो भ्रष्टाचाराइतकाच गंभीर वाटतो. पैशाचा अपहार झाला का, हे सगळ्यांनी विचारले. अपहार एका पैचाही झाला नसता, तरी चौपट किमतीला ते प्रकल्प घेण्यालायक राहिले होते का, हे कोणी विचारले नाही. प्रामाणिकपणे बांधलेला प्रकल्पही गैरलागू असू शकतो.

३. आता हेक्टरी हिशेब मांडू. हा प्रत्येक शेतकऱ्याला घरी बसून करता येण्यासारखा आहे.

गोसीखुर्दची नियोजित सिंचन क्षमता २,५०,८०० हेक्टर आहे. त्यातली भंडारा जिल्ह्यात ८९,८५६, चंद्रपूरमध्ये १,४१,४६३ आणि नागपूरमध्ये १९,४८१. मूळ ३७२ कोटींना या क्षेत्राने भागले तर हेक्टरी सुमारे १५ हजार रुपये पडतात. आजच्या २५,९७२ कोटींना भागले तर हेक्टरी सुमारे १० लाख ३६ हजार, म्हणजे एकरी चार लाखांच्या वर.

राज्य सरकार बाजारातून साधारण सात टक्क्यांच्या आसपास कर्ज उचलते. त्या दराने एका हेक्टरवर गुंतलेल्या रकमेचे वर्षाचे नुसते व्याज ७२ हजार रुपये होते. आता लाभाच्या बाजूला या. कालव्याचे पाणी खरोखर बांधीत पोहोचले आणि उन्हाळी धान निघाले असे धरू. एकरी १८ क्विंटल म्हणजे हेक्टरी ४५ क्विंटल. २०२५-२६ च्या २,३६९ रुपये या आधारभूत किमतीने उत्पन्न होते सुमारे १ लाख ६ हजार. बियाणे, रोवणीची मजुरी, खत, फवारणी, हार्वेस्टर वजा केले तर निम्मे हाती उरले तरी नशीब. म्हणजे पन्नास हजारांच्या लाभासाठी समाज बहात्तर हजारांचे व्याज भरतो आणि देखभाल-दुरुस्ती त्याहून वेगळी.

हा ढोबळ हिशेब आहे आणि त्यात लाभाची बाजू अपुरी आहे हे मला ठाऊक आहे. पावसाने ओढ दिल्यावर खरिपाच्या धानाला मिळालेले एक पाणी आख्खे पीक वाचवते, त्याची किंमत यात नाही. विहिरींची वाढलेली पातळी, पिण्याचे पाणी, वीज, मासेमारी, गावात टिकलेली मजुरी यांचीही नाही. ती सगळी धरावीत, धान सोडून भाजीपाला किंवा रब्बीची इतर पिके घेतली तर काय होईल तेही मांडावे. कदाचित बाजू पालटेल. पण हा हिशेब माझ्यासारख्याने कागदाच्या पाठीवर करण्याचा नाही. प्रत्येक सुप्रमाच्या वेळी जलसंपदा विभागाने तो करून लाभक्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवा होता.

४. लाभ कशात मोजतो, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या पाटबंधारे खात्यात यशाचे माप आहे 'निर्माण झालेली सिंचन क्षमता'. मुख्य कालवा झाला, वितरिका झाली, लघुपाट कागदावर पूर्ण झाला की क्षमता निर्माण झाली. तिथून पुढे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत गेले का, वेळेवर गेले का, किती पाळ्या मिळाल्या, हे त्या मापात येत नाही. अनुशेषाचा हिशेबही याच मापाने झाला. १९८४ च्या दांडेकर समितीपासून विदर्भाचा सिंचन अनुशेष हा आपल्या राजकारणाचा कणा राहिला आहे आणि ते न्याय्यही आहे. पण अनुशेष भरण्याचे माप जर क्षमतेचे हेक्टर असेल, तर पाणी न देताही अनुशेष भरता येतो.

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालाने हीच जखम उघडी केली. दशकभरात सुमारे सत्तर हजार कोटी खर्चूनही पिकाखालील क्षेत्राशी ओलिताचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर आले, असे त्या आकड्यांतून निघाले. सरकारने नंतर श्वेतपत्रिकेत वेगळा, मोठा आकडा दिला. वाद कोणाचा बरोबर यावर झाला. त्यानंतर अनेक वर्षे पाहणी अहवालात त्या रकान्यापुढे 'उपलब्ध नाही' असे छापून येत राहिले. लाभाचा आकडाच उपलब्ध नसेल तर औचित्य कशाच्या आधारावर तपासायचे?

माझी मागणी साधी आहे. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्यावर, ९९ किलोमीटरच्या उजव्या कालव्यावर आणि टेकेपार, नेरला, आंभोरा, मोखाबर्डी या उपसा योजनांवर दरवर्षी तीन आकडे जाहीर करावेत: प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र, शेवटच्या लघुपाटावर मिळालेल्या पाळ्या आणि उपसा योजनांचे थकलेले व भरलेले वीजबिल. उपसा योजनेचा पंप वीजबिलापायी बंद पडतो, तेव्हा त्या योजनेच्या बिझनेस केसमध्ये चालवण्याच्या खर्चाचा विचार झाला नव्हता असा त्याचा सरळ अर्थ असतो.

५. ज्यांचे गाव गेले, त्यांचा खर्च आरंभीच्या हिशेबात किती होता?

२०१३ मध्ये गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी १,१९९ कोटी ६० लाखांचे विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. ही एकच रक्कम सगळ्या प्रकल्पाच्या मूळ किमतीच्या तिपटीहून जास्त आहे. मान्यता मिळाल्यानंतर तीस वर्षांनी ती द्यावी लागली. ती सरकारने आपणहून दिली नाही. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या बुडीत गावांच्या लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, नदीच्या पाण्यात उतरून आंदोलने केली, तेव्हा ती मिळाली. पुनर्वसनाच्या कामांबद्दल आणि वाढीव कुटुंबांबद्दलच्या तक्रारी त्यानंतरही संपल्या नाहीत.

याला मी अंदाज चुकणे म्हणत नाही. १९८३ च्या कागदावर प्रकल्प स्वस्त दिसला, कारण त्याच्या किमतीचा एक मोठा हिस्सा बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या आयुष्यातून भरावा असे गृहीत धरले गेले. सगळा खर्च मांडला असता तर कदाचित धरणाची उंची, जलाशयाची पातळी, टप्प्यांचा क्रम यावर तेव्हाच वेगळा विचार झाला असता. जो खर्च कागदावर येत नाही तो कोणीतरी भरतोच. आणि तो भरणारा बहुधा असा असतो, ज्याची कागदावर सही मागितलेली नसते.

याच रकान्यात आणखी दोन गोष्टी येतात. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि धरणामुळे ते साठून राहते. जलाशयाच्या काठची गावे आणि भंडारा शहर यांना त्याचा त्रास आहे. दुसरी गोष्ट पुराची. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत शेते वाहून गेली. जलाशयाच्या फुगवट्याचा यात किती वाटा, यावर तज्ज्ञांनी बोलावे. पण जलाशय पूर्ण पातळीला भरायचा, तर वरच्या शहराच्या पुराचा धोका आणि त्यावरच्या उपायांचा खर्च प्रकल्पाच्याच खात्यावर पडला पाहिजे. नगरपालिकेच्या किंवा घरमालकाच्या खात्यावर नव्हे.

६. 'धरण म्हणजे धंदा नव्हे' हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. शेतकऱ्याला पाणी देताना नफा-तोटा काय बघायचा? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी परदेशात जावे लागत नाही. नागपूरला वाढलेल्या धनंजयराव गाडगीळांनी ते फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

इंग्रजी अमलात पाटबंधाऱ्याची कसोटी सरळ महसुलाची होती. गुंतवलेल्या भांडवलावर पाणीपट्टीतून ठराविक टक्के परतावा येतो का, एवढेच पाहायचे. जे कालवे या कसोटीला उतरत नसत ते दुष्काळ निवारणाच्या नावाखाली घ्यावे लागत. गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने नगर जिल्ह्यातल्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाणीपट्टीपलीकडचे लाभ मोजले, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही. कालव्याने शेतात काय बदलले, मजुराला काय मिळाले, बाजारपेठेत काय हलले, हे गावोगाव जाऊन पाहिले. देशात पुढे महसुलाच्या कसोटीची जागा समाजाच्या एकूण लाभ-व्ययाने घेतली, त्यामागे हाच विचार आहे.

म्हणजे समाजाचे हित धरायचे तर मोजणी कमी नव्हे, जास्त करावी लागते. गाडगीळांनी मोजले ते कालवा वाहू लागल्यावर. गोसीखुर्दच्या कालव्यांखाली आलेल्या पवनी आणि लाखांदूरच्या गावांत तशी पाहणी आज करता येईल. नागपूर विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ती करू शकते. खर्चही फार नाही.

७. पैसा दुसऱ्याचा असला की औचित्य कोणी तपासत नाही. गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हा सिंचनाच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्राने अनुदान म्हणून द्यायचा ठरला होता. त्याचे स्वागत सगळ्या पक्षांनी केले, मीही ते योग्यच मानतो. मात्र त्यामुळे एक सवय जडली. राज्याने वाढीव किंमत मागायची, केंद्राने कात्री लावायची आणि दोघांनी मिळून पूर्णत्वाची तारीख पुढे ढकलायची. पंतप्रधान कृषी सिंचाई योजनेतल्या ९९ प्राधान्य प्रकल्पांत गोसीखुर्द आला, तेव्हा ते २०१९ पर्यंत संपवायचे होते. वर्ष उलटले, तारीख बदलली. तारीख हुकल्यामुळे लाभ किती कमी झाला, हे मोजणारा तक्ता कुठेच नाही. पाच वर्षे उशिरा आलेले पाणी म्हणजे पाच वर्षांचे पीक कायमचे गेलेले असते.

८. 'एवढे पैसे गेले, आता मागे कसे फिरायचे?' हे वाक्य प्रत्येक सुप्रमाच्या पाठीशी उभे असते. गेलेला पैसा हे पुढचा पैसा घालण्याचे कारण होऊ शकत नाही. पाहायचे ते एवढेच की, आजपासून जो खर्च उरला आहे त्यातून आजपासून कोणता लाभ मिळणार आहे.

आणि इथे मला काहीशी अनपेक्षित गोष्ट दिसते. ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर गोसीखुर्दचे काम थांबवा असे उत्तर येणार नाही. धरण बांधून झाले आहे. ३३ दरवाज्यांची भिंत उभी आहे, गावे उठली आहेत, मुख्य कालवे बहुतांश झाले आहेत. हा सगळा खर्च आता परत येत नाही. उरले आहे ते वितरिका, लघुपाट, बंद नलिकांचे जाळे, निकृष्ट ठरलेल्या अस्तरीकरणाची दुरुस्ती, अपुरे पुनर्वसन. साठलेले पाणी शेतापर्यंत नेण्याचा हा शेवटचा टप्पा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त लाभाचा असणार. तरीही वर्षानुवर्षे तोच मागे राहिला, कारण भिंत आणि मुख्य कालवा यांचे कंत्राट मोठे असते, उद्घाटन मोठे असते आणि लघुपाटाचे कोणी उद्घाटन करत नाही. पुढचा रुपया कुठे घालायचा, हे सांगणारा कागद हाती असता तर हा क्रम इतका उलटा राहिला नसता.

९. पर्यायांचा रकाना. चांगल्या बिझनेस केसमध्ये किमान तीन रस्ते मांडलेले असतात, आणि त्यात 'काहीच न करणे' व 'आहे ते नीट करणे' हे दोन असावेच लागतात. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात दुसरा रस्ता डोळ्यांसमोर पसरलेला आहे. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळ दुरुस्त करणारा गावचा हात सुटला आणि गाळ साचत गेला.

मामा तलाव गोसीखुर्दची जागा घेतील असे मी म्हणत नाही. तलावाचे पाणी पावसाने ओढ दिली तर खरीप वाचवते, उन्हाळी धान देत नाही. पण एक हेक्टर वाचवायला तलावाच्या गाळ-पाळ-गेटच्या कामाला किती लागतात आणि कालव्याला किती, हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी कधी छापले गेले आहेत का? जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी काही लाख मागावे लागतात आणि ते मिळायला वर्ष जाते, तेव्हा ही तुलना न केल्याची किंमत कळते.

१०. औचित्य संपले की ते मोकळेपणी सांगायचे असते, याचे उलट उदाहरण जिल्ह्यातच आहे. मुंडीपारला २०१३ मध्ये भेलच्या सौर पॅनेल कारखान्याचे भूमिपूजन झाले. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. कारखाना आला नाही. त्याच काळात जगात सौर पॅनेलच्या किमती झपाट्याने उतरत होत्या, त्यामुळे असा कारखाना न परवडणे समजण्यासारखे आहे. जमीन देणाऱ्यांना त्याच वेळी तसे सांगून जमिनीचा निर्णय करणे मात्र शक्य होते. वर्षानुवर्षे जमीन अडकून राहिली आणि लोक ती परत मागत राहिले.

११. हे सगळे आज सांगण्याचे कारण वैनगंगा-नळगंगा नदीजोड.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मान्यता दिली. किंमत सुमारे ८७,३४२ कोटी. गोसीखुर्दच्या जलाशयातून निघणारा ४२६ किलोमीटरचा कालवा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला ओलांडून बुलढाण्यापर्यंत जाणार, ३,७१,२७७ हेक्टरला पाणी देणार. खारपाणपट्ट्याच्या आणि कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याला पाणी हवे, याबद्दल भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या मनात आकस नाही. पण मुद्दा ३ मधला भागाकार इथेही करा. हेक्टरी साडेतेवीस लाख येतात. यात पिण्याचे आणि उद्योगांचे पाणीही आहे, तो वाटा वजा करावा लागेल. पण वजाबाकीआधीचा हा हेक्टरी आकडा आरंभीच, पहिली कुदळ पडण्याआधीच, गोसीखुर्दच्या आजच्या आकड्याच्या दुपटीच्या वर आहे. आणि गोसीखुर्दचा आरंभीचा आकडा पंधरा हजार होता.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळगंगेकडे वळवायचे पाणी सुमारे १,७७२ दशलक्ष घनमीटर आहे. गोसीखुर्दचा उपयुक्त साठा ७४० दशलक्ष घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे साठ्याच्या दुपटीहून अधिक पाणी मुख्यतः पावसाळ्याच्या पुरातून उचलायचे आणि वाटेतल्या साठवण तलावांत धरायचे. जास्तीचे पाणी म्हणजे नेमके कोणते? पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, सावली, मूल यांसारख्या तालुक्यांतले २,५०,८०० हेक्टर पूर्ण भिजल्यानंतर उरणारे की आज कालवे अपुरे असल्यामुळे वापरले न जाणारे? पहिल्या प्रकल्पाचे लाभ अजून पोहोचले नाहीत, म्हणून त्याचे पाणी दुसऱ्या प्रकल्पाच्या कागदावर 'शिल्लक' दिसणार असेल, तर एकाच पाण्याचा लाभ दोन प्रकल्पांत मोजला जाईल. लाभ-व्ययाच्या तक्त्यातली ही सगळ्यात धोकादायक चूक आहे, आणि ती पकडायची जागा भंडारा जिल्हा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ प्रमाणे नव्या प्रकल्पाची आर्थिक, जलशास्त्रीय आणि पर्यावरणीय व्यवहार्यता तपासूनच प्राधिकरणाने तो मंजूर करायचा आहे आणि तो एकात्मिक राज्य जल आराखड्याशी जुळला पाहिजे. आराखडाच तयार नसताना सुमारे १९० प्रकल्पांना मंजुरी दिल्याचा प्रश्न प्रदीप पुरंदरे यांनी जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात नेला होता, आणि त्या दबावातूनच आराखड्याच्या कामाला गती आली. एका निवृत्त प्राध्यापकाने एवढे हलवले. तीन जिल्ह्यांच्या लाभक्षेत्रातल्या ग्रामसभा मिळून त्याहून अधिक हलवू शकतात.

१२. म्हणून मागण्या, क्रमाने.

पहिली, यापुढे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या प्रत्येक प्रस्तावासोबत सुधारित औचित्य जोडलेच पाहिजे: ताजे लाभ-व्यय गुणोत्तर, उरलेला खर्च आणि उरलेला लाभ, पर्याय, चालवण्याचा खर्च, प्रकल्पग्रस्तांच्या उरलेल्या हक्कांची किंमत. मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी ते तीस दिवस मराठीत जाहीर असावे.

दुसरी, लाभाला धनी हवा. बांधकामाचा कार्यकारी अभियंता पाच वर्षांत बदलून जातो, लाभाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. मुख्य अभियंत्याच्या दर्जाचा एक अधिकारी फक्त लाभासाठी उत्तरदायी असावा आणि दर उन्हाळ्यात जिल्हा नियोजन समितीपुढे मुद्दा ४ मधले तीन आकडे घेऊन उभा राहावा. पाणीवापर संस्थांना ते आकडे तपासण्याचा आणि त्यावर हरकत नोंदवण्याचा अधिकार असावा.

तिसरी, गोसीखुर्दची वितरण व्यवस्था आणि पुनर्वसन यांच्या निधीला नदीजोडच्या निधीआधी क्रम मिळावा आणि तो लेखी असावा.

चौथी, वैनगंगा-नळगंगा प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, विशेषतः पाण्याच्या उपलब्धतेचा आणि लाभ-व्ययाचा भाग, भूसंपादनाची पहिली अधिसूचना निघण्याआधी पवनी, भंडारा, लाखांदूर, ब्रह्मपुरी आणि कुही या तालुक्यांच्या ठिकाणी वाचायला ठेवावा. त्यावर जनसुनावणी व्हावी ती धानाची कापणी आणि मळणी आटोपल्यावर, म्हणजे डिसेंबरनंतर, ज्यांच्या पाण्याचा हा प्रश्न आहे त्यांना यायला सवड असेल तेव्हा.